बालकांची अतिदीर्घ धाव

अठरा वर्षांखालील मुलामुलींनी मॅरेथॉनचा (४२.१९५ किमी.) किंवा त्याहून मोठा पल्ला धावणे. शालेय शर्यती, क्रॉस-कंट्री किंवा पाच-दहा किमी.च्या धावा या नोंदीच्या कक्षेत येत नाहीत. या विषयावरचा वाद बहुधा शरीरापाशी सुरू होतो आणि तिथेच अडकून पडतो : एवढे धावल्याने मुलाची हाडे, हृदय, वाढ बिघडते का? प्रश्न रास्त आहे, पण हाती असलेल्या पुराव्यावर त्याचा निकाल लागत नाही. निकाल लागतो तो दुसऱ्या प्रश्नावर : धाव मध्येच थांबवायची झाली तर ती कोणी थांबवायची, आणि तो अधिकार खरोखर मुलाच्या हाती असतो का?

भुवनेश्वर, २००६ : भारतातले सर्वाधिक गाजलेले प्रकरण २ मे २००६ चे. चार वर्षांचा बुधिया सिंग पुरीहून निघाला आणि ७ तास २ मिनिटांत सुमारे ६५ किमी. धावून भुवनेश्वरपर्यंत आला. ठरलेला पल्ला ७० किमी.चा होता; अखेरचे काही किमी. उरले असताना तो कोसळला. सोबत केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जवान होते, बघ्यांची गर्दी होती, कॅमेरे होते. ‘लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्स’मध्येही या धावेची नोंद झाली. बुधिया झोपडवस्तीतला, आईने त्याला ८०० रुपयांना एका फेरीवाल्याला दिल्याचे त्या वेळच्या बहुतेक वृत्तांत येते. ज्युदो-प्रशिक्षक बिरंची दास यांनी त्याला आपल्याकडे ठेवून घेतले. धावण्याची सुरुवात कशी झाली, याची दास यांनी सांगितलेली हकीकत अशी : शिवी दिल्याबद्दल शिक्षा म्हणून त्याला पळायला लावले, काही तासांनी परतून पाहतात तो मूल अजून पळतच होते. ही हकीकत जगभर कौतुकाने छापली गेली आणि मुलाच्या अंगच्या ताकदीची साक्ष म्हणून वाचली गेली. वास्तविक तिच्यात दिसते ते, मोठ्या माणसाने ‘पुरे’ म्हटल्याशिवाय थांबायचे नसते असे समजलेले मूल. पुरी-भुवनेश्वर रस्त्यावर घडले ते याच गोष्टीचे मोठे रूप होते.

धावेनंतर सरकारी डॉक्टरांनी तपासणी केली. मूल कुपोषित आहे, रक्त कमी आहे, हृदयावर ताण आहे, असा निष्कर्ष जाहीर झाला आणि लांब पल्ल्याच्या धावांना मनाई झाली. दास यांना तो निष्कर्ष मान्य नव्हता. २००७ मध्ये दास यांच्यावर मुलाच्या छळाचा आरोप झाला, तो त्यांनी नाकारला. बुधिया सरकारी क्रीडा वसतिगृहात गेला. एप्रिल २००८ मध्ये दास यांचा भुवनेश्वरात गोळ्या घालून खून झाला. छळाच्या आरोपाचा निवाडा करणे हे या नोंदीचे काम नाही, आणि मुख्य मुद्द्यासाठी त्याची गरजही पडत नाही. दास यांचा हेतू निर्मळ होता असे धरून चालले, तरी मुलाला जेवू घालणारा, त्याचा सराव घेणारा, त्याच्या धावा ठरवणारा आणि त्याच्या वतीने जगाशी बोलणारा माणूस एकच होता. ज्याच्या घरात आपण राहतो त्याला चार वर्षांच्या मुलाने ‘मला नको’ म्हणावे, अशी अपेक्षा कोणत्या आधारावर करायची?

वैद्यकीय पुरावा : धावण्याच्या बाजूने असलेला पुरावा समजला जातो त्यापेक्षा भक्कम आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. अमेरिकेतील ट्विन सिटीज मॅरेथॉनच्या १९८२ ते २००७ या काळातील नोंदींत ७ ते १७ वयाची ३१० मुले शर्यत पूर्ण करताना दिसतात. शर्यतीच्या दिवशी वैद्यकीय मदत लागलेली प्रकरणे फक्त ४, तीही किरकोळ. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९० मध्ये, मूल आनंदाने धावत असेल आणि त्याला काही त्रास नसेल तर त्याला अडवण्याचे कारण नाही, अशी भूमिका घेतली होती. मुलांचे शरीर उष्णतेला मोठ्यांपेक्षा कमी तोंड देते, ही जुनी समजूतही याच अकादमीने २०११ मध्ये, पुरेसे पाणी मिळत असेल तर, बाजूला सारली. याउलट मॅरेथॉनच्या वैद्यकीय संचालकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मॅरेथॉन अठरा वर्षांनंतरच असा सल्ला दिला. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा किशोरवयात बंद होईपर्यंत नाजूक असतात. अतिसरावाने गुडघ्याखाली व टाचेत दुखणे उद्भवते, आणि मुलींमध्ये अपुरा आहार व जास्त धावणे यांनी पाळी व हाडांची घनता बिघडते, हे सर्वमान्य आहे. तरीही ३१० मुलांची ती आकडेवारी नीट वाचली पाहिजे. ती अंतिम रेषा ओलांडणाऱ्यांची आहे. सरावातच दुखावून मागे पडलेली मुले तिच्यात येत नाहीत, पुढल्या दहा वर्षांत गुडघ्यांचे काय झाले ते तिच्यातून कळत नाही, आणि सुस्थितीतल्या अमेरिकी कुटुंबातून हौसेने आलेल्या सतरा वर्षांच्या मुलावरून काढलेला निष्कर्ष चार वर्षांच्या उपाशी मुलाला लावता येत नाही. शिवाय १९९० च्या त्या भूमिकेतली अट महत्त्वाची आहे : मूल आनंदाने धावत असेल तर. तो आनंद तपासणार कोण? २०२२ मध्ये सिनसिनाटीच्या फ्लाइंग पिग मॅरेथॉनमध्ये सहा वर्षांचा मुलगा आईवडिलांबरोबर धावला. वाटेत तो रडला होता. खाऊचे आमिष दाखवून त्याला पुढे नेल्याचे कुटुंबानेच सांगितले. धावायची इच्छा त्याचीच होती, असेही ते सांगत होते. दोन्ही खरे असू शकते. सकाळी हौसेने निघालेले मूल दुपारी थांबू पाहते, आणि नेमक्या त्याच वेळी निर्णय त्याच्या हातात नसतो.

आक्षेप : पहिला आक्षेप, मेक्सिकोतील रारामुरी लोकांत लहान मुलेही लाकडी चेंडू पायाने ढकलत धावतात, मग हेच का चालत नाही? तिथे धावणे हा गावाचा खेळ आहे. दमलेले मूल बाजूला झाले तर कोणाचा विक्रम बुडत नाही. दुसरा, जिम्नॅस्टिक्समध्येही मुले कोवळ्या वयात पिळली जातात. हे खरे आहे. पण त्यातून तिथला जाच कमी करावा एवढेच निघते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : गरीब मुलाला धावण्याखेरीज वर येण्याची वाट कुठली? बुधियाला शाळा, जेवण, नाव मिळाले ते धावण्यामुळेच, हे नाकारणे अप्रामाणिक ठरेल. पण शाळा आणि जेवण ६५ किमी.च्या मोबदल्यात मिळावे लागले, हा दोष व्यवस्थेचा. त्याची भरपाई मुलाच्या पायांनी करायची नसते. आणि खेळाच्या दृष्टीनेही हा मार्ग फळतो असे दिसत नाही. मॅरेथॉनचा विख्यात धावपटू एलियुड किपचोगे अठराव्या वर्षी, २००३ मध्ये, ५,००० मी.चा जगज्जेता झाला. पहिली मॅरेथॉन तो २०१३ मध्ये धावला.

वयोमर्यादा : लंडन, न्यूयॉर्क, बोस्टन येथील मॅरेथॉनसाठी १८, दक्षिण आफ्रिकेतील सुमारे ९० किमी.च्या कॉम्रेड्स शर्यतीसाठी २०. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी अपात्र आणि दुसऱ्या दिवशी पात्र, हा काटेकोरपणा कृत्रिम वाटतो. पण त्यामुळे ‘नाही’ म्हणण्याचे ओझे मुलावर पडत नाही, आयोजक ते उचलतात.

कायदा : भारताच्या बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यात २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामाला बंदी झाली, पण मनोरंजन व क्रीडा यांना (सर्कस वगळून) शिक्षणात अडथळा न येण्याच्या अटीवर सूट राहिली. २०१७ च्या नियमांनी अशा मुलांसाठी दिवसाला पाच तासांची, आणि विश्रांतीशिवाय तीन तासांची मर्यादा घातली. पुरी-भुवनेश्वर धाव सात तासांची होती.

चित्रपट : ‘मॅरेथॉन बॉय’ (माहितीपट, २०१०), ‘बुधिया सिंग : बॉर्न टू रन’ (२०१६), दास यांच्या भूमिकेत मनोज बाजपेयी.

महाराष्ट्र : मुंबई मॅरेथॉन २००४ पासून, पूर्ण पल्ल्यासाठी किमान वय १८. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या ललिता बाबर (जन्म १९८९) लहानपणी खो-खो खेळत. मुंबईत भारतीय महिलांत सलग तीनदा पहिल्या आल्या तेव्हा विशी ओलांडलेली होती, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी ३,००० मी. स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली.