कोयनेच्या काळ्या दगडाखाली

माझी आजी पाटणची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आठवला की म्हणायची, "काळा दगड हलला रे." तोवर दख्खनचं पठार अढळ आहे, असंच बहुतेक भूशास्त्रज्ञ मानत. कोयनानगर कोसळलं, शंभराहून जास्त माणसं गेली आणि तो समजही गेला.

पुढे याच भागात शास्त्रज्ञांनी ३ किलोमीटर खोल बोअर मारली. आपला ६.६ कोटी वर्षांचा काळा बेसॉल्ट सुमारे सव्वा किलोमीटरवरच संपला! खाली लागला कितीतरी जुना ग्रॅनाइट. इथले भूकंप होतात ते त्याच्यात, आणखी खोलवर. कोडमधला बग मीही आधी वरच्याच थरात शोधतो. आजीचा काळा दगड हलला खरा, पण हलवणारा खाली होता.