लिंबातील अंगठी आणि वाशीमची राजकन्या

प्रेक्षकाकडून उसनी घेतलेली अंगठी जादूगार नाहीशी करतो आणि सर्वांसमक्ष चिरलेल्या लिंबातून काढून देतो. अंगठी आत जाते ती आधीच कोरून ठेवलेल्या वाटेने. लोक तेव्हा त्याच्या मंत्राकडे कान लावून असतात.

जबलपूरजवळचे तेवर ही कलचुरींची त्रिपुरी. दहाव्या शतकात तेथील राजसभेत वावरलेल्या राजशेखराने हीच युक्ती ‘कर्पूरमंजरी’ या प्राकृत सट्टकात चक्क एका राजकन्येवर योजिली आहे. भैरवानंद मांत्रिक तिला वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशीमहून, राजापुढे आणतो. राणी तिला पंधरा दिवसांपुरती ठेवून घेते आणि राजाचा जीव तिच्यावर जडताच कोंडते. पुढे चामुंडेच्या देवळात ‘घनसारमंजरी’ नावाची वधू पाहून राणी बंदिगृहाकडे धावते, तर कर्पूरमंजरी तेथेच! मधे भुयार होते. घनसार म्हणजे कापूरच. राणीने मात्र ते लग्न स्वहस्ते लावून दिले.