बाळाच्या बोटाचा ठसा आणि लसीचं कार्ड

आपल्या रत्नागिरीकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. त्यामुळे बाळाची पहिली लस एका गावात आणि पुढची दुसऱ्या गावात होते. जन्माच्या वेळी नाव ठरलेलं नसतं, म्हणून कार्डावर फक्त आईचं नाव लिहितात. त्यात आपल्याकडे तीच नावं, तीच आडनावं. कार्ड हरवलं की कोणता डोस झाला, कोणता राहिला, हे सांगणं कठीण होतं. यावर उपाय म्हणून तान्ह्या बाळाचा ठसा ओळखणारं यंत्र बनवण्याचे प्रयत्न चालू आहेत.

अडचण कुठे आहे?

बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात आणि त्यांची नक्षी आयुष्यभर तीच राहते. पण बाळाच्या बोटावर त्या मोठ्या माणसाच्या जवळजवळ निम्म्या अंतरावर असतात. कातडी मऊ, ओलसर, आणि मूठ घट्ट मिटलेली! नेहमीचं यंत्र एका इंचात ५०० ठिपके टिपतं. तेवढ्यात या बारीक रेषा नीट उमटत नाहीत.

आग्र्यातला अभ्यास

अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्रा. अनिल जैन यांच्या गटाने आग्र्याजवळ दयालबागच्या सरन आश्रम रुग्णालयात ३०९ मुलांचे ठसे वर्षभरात वेळोवेळी घेतले. इंचाला १२७० ठिपके टिपणाऱ्या यंत्राने सहा महिन्यांपुढच्या मुलांची ओळख सुमारे ९९ टक्के वेळा बरोबर पटली. त्याहून लहान बाळांत मात्र चुका वाढल्या. खरी मेख इथेच आहे. बीसीजी जन्मतःच देतात, पेंटाव्हॅलंटचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना. म्हणजे ओळख सर्वांत जास्त लागते तेव्हाच यंत्र कमी पडतं. म्हणून पुढे याच गटाने दोन-तीन महिन्यांच्या बाळांसाठी १९०० ठिपक्यांचं यंत्र तयार केलं.

आधारचं काय?

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबारच्या टेंभली गावात दिलं गेलं. पण पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे आधारमध्ये घेत नाहीत. फोटो असतो आणि नोंद आई किंवा वडिलांच्या आधारला जोडलेली असते. ठसे पाचव्या वर्षी देतात आणि पंधराव्या वर्षी पुन्हा. आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाचा लाभ अडवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. उद्या ठशाचं यंत्र आलं तरी हाच नियम हवा: ठसा जुळला नाही म्हणून लस थांबता कामा नये, आणि ठसा घेण्याआधी आईला विचारलं पाहिजे.

तोपर्यंत आपण काय करायचं?

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे. नाव ठरलं की दाखल्यावर आणि लसीच्या कार्डावर एकाच पद्धतीने लिहून घ्या. प्रवेशाच्या वेळी एका कागदावर 'मोहम्मद', दुसऱ्यावर 'महंमद' आणि तिसऱ्यावर नुसतं 'मो.' असं मी दरवर्षी पाहतो. कार्डाचा फोटो आई-वडील दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा. वडील आखातात असले तरी डोसची तारीख त्यांनाही कळेल.