उसाचे वजन कोठून आले?

दसरा सरला की बीड जिल्ह्यातील धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून ऊसतोडणीला निघालेल्या टोळ्या रस्त्यांवर दिसू लागतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची ती टनांच्या हिशेबाने. या घरांतून कॉलेजात आलेल्या मुलांना मोळी केवढी भरते, गाडीत किती टन बसतात हे विचारावेच लागत नाही. ती आपण होऊन सांगतात. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीच्या वर्गापुढे बोलण्याचा योग आला, तेव्हा आम्ही त्यांच्याच माहितीतला एक प्रश्न घातला. सरीत लावतात ते दोन डोळ्यांचे टिपरे. वर्ष-सव्वा वर्षाने तेथे डोक्यावरून जाणारा ऊस उभा राहतो. हे वाढलेले वजन आले कोठून?

उत्तरे भराभर आली. खतातून, मातीतून, पाण्यातून. एकाने सूर्यापासून असे सांगितले. हवेतून असे कोणीही म्हटले नाही. नंतर आम्ही प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण विचारले, तर निम्म्या वर्गाने ते एका सुरात म्हणून दाखवले. त्या समीकरणातला पहिला पदार्थच कार्बन डायऑक्साइड! आमच्या पदरी जे हवे होते ते पडले म्हणून आम्ही मनातून खूश झालो होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “पण सर, ऊस पिळला की रसच निघतो. म्हणजे पाणीच की.”

त्याचे बरोबर होते. तोडलेल्या उसात वजनाने सुमारे ७० टक्के पाणीच असते. म्हणजे ‘पाण्यातून’ या उत्तराला चूक म्हणण्याचा आम्हाला काही अधिकार नव्हता. चूक होती ती प्रश्नात. असा साधा दिसणारा प्रश्न नीट विचारता येणे किती अवघड असते, आणि ते जमावे म्हणून शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी काय काय केले, याचा इतिहास त्या दिवसापासून आम्ही जरा लक्ष देऊन वाचू लागलो.

या प्रश्नाचे मूळ पुष्कळ जुने आहे. सतराव्या शतकात यान बाप्टिस्टा व्हॅन हेल्माँट या फ्लेमिश वैद्याने कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती घेऊन तीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावले. पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. शेवटी झाड भरले १६९ पौंड आणि ३ औंस. माती पुन्हा वाळवून तोलली तर ती जेमतेम २ औंसांनी कमी झाली होती. झाड माती खाऊन वाढते ही ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली समजूत एका तराजूने मोडीत काढली. मात्र मातीतून नाही तर पाण्यातून, असा निष्कर्ष हेल्माँटने काढला. हा वृत्तान्त त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. गंमत अशी की ‘गॅस’ हा शब्दच मुळी हेल्माँटने घडवला. ६२ पौंड कोळसा जाळला तर १ पौंड राख उरते आणि बाकीच्याचा गॅस होतो, असेही त्याने लिहून ठेवले आहे. लाकडातून जो निघून जातो तो लाकडात आलाही असेल, हा दुवा जोडायला मात्र आणखी दीडशे वर्षे लागली. १७७१ च्या सुमारास प्रीस्टली, १७७९ मध्ये इंगेनहाउझ, मग सेनेबिए, असे करत १८०४ मध्ये द सोस्यूरने वजने-मापे घेऊन दाखवले की झाडाचा कार्बन हवेतून येतो आणि पाण्याचाही त्यात वाटा असतो. बीडच्या वर्गातली उत्तरे आणि या दीडशे वर्षांतली उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत. त्या मुलांना बिनडोक म्हणायचे झाले तर हेल्माँटलाही म्हणावे लागेल.

हीच गोष्ट अमेरिकेत जेम्स वाँडरसी यांच्या ध्यानात आली होती. प्रकाशसंश्लेषणाच्या इतिहासातून प्रश्न काढून ते त्यांनी शाळेपासून कॉलेजपर्यंतच्या विद्यार्थ्यांना घातले. विद्यार्थ्यांच्या चुकीच्या कल्पना जुन्या शास्त्रज्ञांच्या कल्पनांशी बऱ्याच जुळतात, असे त्यांनी १९८६ मध्ये मांडले. पुढे १९९७ मध्ये निघालेल्या एका अमेरिकन माहितीपटात हार्वर्ड-एमआयटीसारख्या नामांकित संस्थांतल्या पदवीधरांच्या हातात एक बी आणि एक ओंडका देऊन हाच प्रश्न विचारला आहे. तेही माती आणि पाणी म्हणाले. तेव्हा हा दोष आमच्या धारूर-केजच्या पोरांचा नाही.

आता परीक्षांकडे वळू. अनेक पर्यायांतून एक निवडण्याचा प्रश्न १९१४-१५ च्या सुमारास अमेरिकेतील कॅन्ससमध्ये फ्रेडरिक केली यांनी वाचनाच्या चाचणीसाठी रूढ केला. हेतू साधा होता: तपासणाऱ्याच्या लहरीप्रमाणे गुण बदलू नयेत आणि तपासणी झटपट व्हावी. या प्रश्नात बरोबर पर्याय एक, चुकीचे तीन किंवा चार. बरोबर पर्याय विषयातून येतो. चुकीचे कोठून आणायचे? पेपर काढलेल्या प्रत्येक शिक्षकाला हा अनुभव असेल: रात्री अकरा वाजता चौथा पर्याय सुचत नाही, मग ‘वरीलपैकी एकही नाही’ लिहून दिवा मालवायचा. (आम्हीही हे केले आहे.)

या चुकीच्या पर्यायांकडे गांभीर्याने पाहायला १९८० च्या दशकात सुरुवात झाली. ऑस्ट्रेलियात हॅसलम आणि डेव्हिड ट्रीगस्ट यांनी १९८७ मध्ये वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषण व श्वसनावर दोन पायऱ्यांची चाचणी प्रसिद्ध केली. पहिल्या पायरीत उत्तर निवडायचे, दुसरीत त्याचे कारण. कारणांचे चुकीचे पर्याय त्यांनी मनाने रचले नाहीत. विद्यार्थ्यांच्या मुलाखतींतून आणि लेखी उत्तरांतून वेचले. उत्तर बरोबर पण कारण चूक, असे विद्यार्थी मग लपू शकत नाहीत. १९९२ मध्ये ॲरिझोनातल्या हेस्टेनेस व सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्रातील बल या संकल्पनेवर अशीच चाचणी काढली. आपले विद्यार्थी ती हसतखेळत सोडवतील असे मानणाऱ्या बऱ्याच प्राध्यापकांची तिने झोप उडवली. जीवशास्त्रात १९९५ मध्ये ओडम व बॅरो यांची विसरण आणि तर्षणावरची चाचणी आली, २००२ मध्ये अँडरसन, फिशर व नॉर्मन यांची नैसर्गिक निवडीवरची २० प्रश्नांची.

कॉलेजच्या प्रारंभिक जीवशास्त्राचा एकूण आवाका घेणारी चाचणी बांधायला कोलोरॅडो विद्यापीठातील क्लिमकोव्स्की आणि गार्व्हिन-डॉक्सास बसले, तेव्हा त्यांनी आधी विद्यार्थ्यांकडून निबंधवजा उत्तरे लिहवून घेतली. त्यांतून त्यांना न शोधलेली एक गोष्ट सापडली, ती त्यांनी २००८ मध्ये मांडली. मुलांना यदृच्छा, म्हणजे कोणत्याही हेतूवाचून घडणे, पटतच नाही. रेणू विसरण पावतात कारण त्यांना मोकळ्या जागेकडे ‘जायचे’ असते. प्राणी बदलतात कारण त्यांना ‘गरज’ असते. विसरण आणि उत्क्रांती ही पुस्तकातली दोन दूरची प्रकरणे, पण चुकीचे मूळ एकच. परीक्षेच्या गुणांवरून हे कधीच कळले नसते.

आमच्याकडे या काळात काय चालले होते? बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. कॉलेजात जायचे तर उस्मानिया विद्यापीठ, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाचे माध्यम उर्दू. विज्ञानाचे ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी तेथे भाषांतराचा स्वतंत्र विभाग होता, ही गोष्ट त्या काळी मोठीच होती; पण मराठी घरातल्या मुलाला ती दुसरीच भाषा. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. बीडची महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आली आणि विज्ञानाची पदवी इंग्रजीत गेली. अकरावी-बारावीचे विज्ञानही इंग्रजीतच. म्हणजे आजोबांनी उर्दूत, मुलाने आणि नातवाने इंग्रजीत परीक्षा दिली. प्रश्न असत ते टिपा लिहा, फरक स्पष्ट करा, सुबक आकृती काढून नावे द्या. मराठीत विचार करून केलेली चूक उत्तरपत्रिकेपर्यंत पोहोचायला वाटच नव्हती. उत्तर आठवले तर ते पाठातले, नाही आठवले तर पान कोरे.

सुधारणेचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. शिकागोचे बेंजामिन ब्लूम १९५० च्या दशकाच्या अखेरीस भारतात आले होते. ज्ञान, आकलन, उपयोजन हे शब्द शिक्षकांच्या टाचणवहीत शिरले ते त्यानंतर. १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघाले. तेथील प्रा. वि. गो. कुलकर्णी व सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यात खिरोद्याला ग्रामीण शाळांबरोबर काम केले आणि विज्ञान शिकताना भाषेचाच अडसर कसा होतो हे मुंबईच्या महापालिका शाळांत तपासले. हे काम मुख्यतः शाळांपुरते राहिले. कॉलेजच्या दारात मात्र राज्याची सीईटी आली, २०१३ मध्ये नीट आली, मध्ये गेली आणि २०१६ पासून पुन्हा आली. २०२५ च्या नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न होते, त्यांतले ९० जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. ही परीक्षा मराठीतही देता येते, ही चांगली गोष्ट. पण ती निवड करण्यासाठी आहे. वर्गातील शिक्षकाकडे तिच्यातून एक आकडा परत येतो. कोणत्या चुकीच्या पर्यायावर आपली मुले गेली आणि का, हे त्या आकड्यात नसते.

आणि आमच्या मुलांच्या चुका आमच्याच आहेत. त्या कोलोरॅडोहून आयात करता येणार नाहीत. एक शब्द पाहा. शेतीच्या मराठीत नत्र, स्फुरद, पालाश यांना आपण ‘अन्नद्रव्ये’ म्हणतो. खताच्या पोत्यावर, रेडिओवर, कृषी सहायकाच्या तोंडी हाच शब्द. सातवीतले पुस्तक सांगते की वनस्पती आपले अन्न स्वतः तयार करतात, आणि घरी वडील सांगतात की उसाला अन्न कमी पडले, युरिया टाक. पोराने कोणाचे ऐकावे? इंग्रजीतून भाषांतरित चाचणीत ‘मातीतून’ एवढाच पर्याय असेल. आमच्या मुलांसाठी ‘खतातील अन्नद्रव्यांपासून’ असा हवा, तरच खरा मासा गळाला लागेल.

दुसरे उदाहरण कापसाचे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात बीटी कापसाची दाणादाण उडवली, तेव्हापासून गावोगाव एक वाक्य ऐकू येते: “अळीला औषधाची सवय झाली.” नैसर्गिक निवडीविषयीचा गैरसमज याहून थोडक्यात कोणी सांगू शकणार नाही. एकेका अळीला सवय होत नाही; ज्या थोड्या मुळातच तगून राहणाऱ्या असतात त्यांची प्रजा वाढते. जिराफाच्या मानेवरचा प्रश्न आमची मुले पाठ करून सोडवतात. बोंडअळीवर विचारा, आणि ‘सवय’ हा शब्द पर्यायात ठेवा. मग पाहा.

उसाचा प्रश्न आम्ही घरी येऊन दुरुस्त केला. पाण्याची भानगड टाळायची तर कोरडी वस्तू हवी, म्हणून साखर घेतली. कारखान्यातून निघणारे पोते ५० किलोचे. त्यात कार्बन सुमारे २१ किलो, हायड्रोजन तीन किलोंच्या थोडा वर, बाकी ऑक्सिजन. झाड जो ऑक्सिजन बाहेर सोडते तो पाण्यातला, हे १९४१ मध्ये रूबेन व केमेन यांनी ऑक्सिजनचे जड समस्थानिक वापरून दाखवले. म्हणून हिशेबापुरते साखरेतला कार्बन आणि ऑक्सिजन दोन्ही कार्बन डायऑक्साइडच्या खाती जातात. पन्नासांतले जवळजवळ ४७ किलो हवेतून! प्रश्न मराठीत छापला, खाली ‘कारण’ म्हणून तीन ओळी कोऱ्या सोडल्या, आणि पुढच्या खेपेला त्याच महाविद्यालयात नेला. नवीन वर्ग, उत्तरे तीच. या वेळी मात्र ‘अन्नद्रव्ये’ हा शब्द कारणांमध्ये कितीदा तरी आला. ती सगळी कारणे आम्ही फळ्यावर लिहिली, आणि एकेक घेऊन पोत्याच्या हिशेबापुढे उभे केले. तास संपला तरी वर्ग उठला नाही.

शेवटी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, वजन हवेतून येतं, तर मग दुष्काळात ऊस का वाळतो? हवा तर तेवढीच असते.” आष्टी-पाटोद्याच्या माणसालाच पडावा असा प्रश्न. पाणी तुटले की पान आपली पर्णरंध्रे मिटून घेते, बाष्प जाऊ नये म्हणून. पण कार्बन डायऑक्साइडचेही दार तेच, तेव्हा तोही बाहेर राहतो. १९६५ मध्ये हवाईतील कोर्टशॅक, हार्ट व बर यांनी, आणि पाठोपाठ ब्रिस्बेनमध्ये हॅच व स्लॅक यांनी उसावरच प्रयोग करून शोधले की ऊस हा वायू आधी चार कार्बनच्या आम्लांत बांधतो, आणि दार किलकिले असतानाही बरेच काम उरकतो. पण दार पूर्ण बंद झाले की त्याचाही इलाज चालत नाही. आम्ही हे सांगितले. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “म्हणजे तो आधी उपाशी राहतो आणि मग तहानेने मरतो.” तिचे वाक्य आम्ही टिपून ठेवले आहे. पुढच्या चाचणीत ते पर्याय म्हणून घालायचे आहे. बरोबर म्हणून की चूक म्हणून, याचा वाद तेथील शिक्षकांशी अजून चालू आहे.