पटावरचा आकडा आणि पहिलीचा वर्ग

शाळांचा इतिहास सांगण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. स्थापना कोणत्या साली झाली, देणगी कोणी दिली, कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, पुढे कोण कोण नामवंत तेथून बाहेर पडले, एवढे लिहिले की इतिहास पुरा झाला असे आपण समजतो. परंतु पहिलीच्या वर्गात एका शिक्षकासमोर किती मुले बसत होती, आणि ती संख्या आवाक्यात आणण्यासाठी सरकारने आपल्या तिजोरीतून केव्हा व किती पैसा काढला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मी मुद्दाम तोच निवडला आहे. मी शिक्षणतज्ज्ञ नव्हे. केंद्र सरकारच्या नोकरीत तक्ते आणि सरासऱ्या वाचण्यात मात्र बरीच वर्षे गेली आहेत, आणि सरासरी हा आकडा किती समजूतदार व किती फसवा असतो, एवढे तरी त्या नोकरीने शिकविले आहे.

हा विषय आपल्यासारख्या घरापासून दूर राहिलेल्या कुटुंबांना परका नाही. आपले मूल घरी आजीची मराठी ऐकते, गल्लीत छत्तीसगढी बोलते आणि पाच-सहा वर्षांचे झाले की हिंदी शाळेच्या बाकावर जाऊन बसते. त्याने ‘पाणी’ म्हटले की ‘पानी’, हे समजून घेण्यास शिक्षकाला क्षणभर त्याच्याकडे वळून पाहावे लागते. बस्तरच्या गोंडी बोलणाऱ्या, किंवा जिच्यात आपल्याला मराठीच्या खुणा सापडतात ती हलबी बोलणाऱ्या, मुलाला तर असे अनेक क्षण लागतात. समोर वीस मुले असली तर तो क्षण मिळतो. साठ असली तर मिळत नाही. बाकी सारा प्रश्न या एका गोष्टीचा विस्तार आहे.

जुन्या काळी पंतोजींच्या शाळेत पोरे थोडीच असत, आणि मोठ्या पोरांनी धाकट्यांना अक्षरे गिरवून घ्यायची पद्धत होती. त्या शाळा गावाच्या शिधासामग्रीवर चालत. सरकारने लोकांच्या मुलांना शिकवावे, त्यासाठी लोकांकडूनच घेतलेला पैसा खर्चावा, आणि तो आधी प्राथमिक शाळेवर खर्चावा, ही मागणी महाराष्ट्रात सर्वांत निर्भीडपणे मांडली ती महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की, महसूल राबणाऱ्या रयतेचा आणि त्यातून होणारे उच्च शिक्षण मूठभरांचे, हा व्यवहार न्यायाचा नाही. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला दरमहा निदान १२ रुपये आणि मोठ्या गावी १५ ते २० रुपये मिळावेत, असा हिशेबही त्यांनी मांडला. शिक्षकाच्या वेतनाचा विचार केल्यावाचून शाळेचा विचार होऊ शकत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

पुढच्या पिढीत बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ पासून साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये त्याच वाटेने पाऊल टाकले. ब्रिटिश मुलुखात मात्र पैशाचे दार उघडेना. १९११ साली नामदार गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात आणलेल्या विधेयकात खर्चाचा दोनतृतीयांश भार सरकारने व एकतृतीयांश स्थानिक संस्थांनी उचलावा, अशी योजना होती. १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. मध्य प्रांतात, म्हणजे रायपूर ज्यात मोडत होते त्या प्रांतात, प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला तो १९२० साली, आणि त्यातही सक्ती करावयाची की नाही हे स्थानिक संस्थांच्या ऐपतीवर सोडलेले होते.

या काळात रायपूरच्या सार्वजनिक जीवनात मराठी माणसांचा वाटा लहान नव्हता. पं. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढला. त्यात वामनराव लाखे त्यांचे सहकारी होते. पुढे सप्रे यांनी रायपुरात मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा स्थापन केली. घरची भाषा मराठी, लेखणी हिंदीची आणि तळमळ साऱ्या छत्तीसगढच्या शिक्षणाची, हा त्यांनी घालून दिलेला धडा आपण विसरता कामा नये.

दरम्यान शाळा उघडल्या, तरी मुले टिकत नव्हती. १९२९ च्या हारटॉग समितीने दिलेला एक आकडा आजही अस्वस्थ करतो. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत पोचली ती अवघी १८. गळती सर्वांत मोठी होती ती पहिलीतच. यावर उपाय कोणता, याबद्दल दोन पक्ष पडले. समितीचे म्हणणे असे की, विस्तार थांबवून आहेत त्या शाळा सुधाराव्यात. उलट रा. वि. परुळेकर यांच्यासारखे अभ्यासक म्हणत की, ज्या देशात बहुसंख्य मुलांनी शाळेचे तोंड पाहिलेले नाही, तेथे आधी सर्वांना आत घ्या. गुणवत्तेच्या नावाखाली कोणाला दाराबाहेर ठेवू नका. पैसा थोडा आणि मुले अफाट, अशा स्थितीत दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. शाळा वाढवाव्या की शिक्षकामागची मुले कमी करावी, हा पेच तेव्हापासून आपल्या मानगुटीवर बसलेला आहे.

१९३७ मध्ये प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळे आली आणि मध्य प्रांत-वऱ्हाडचे शिक्षणखाते रायपूरचे वकील पं. रविशंकर शुक्ल यांच्याकडे आले. त्यांची ‘विद्यामंदिर’ योजना अशी होती : ज्या गावाच्या एक मैलाच्या परिसरात शाळा नाही आणि जेथे शाळेच्या वयाची सुमारे ४० मुलेमुली मिळू शकतील, तेथे दानात मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर विद्यामंदिर चालवावे. सरकारी तिजोरी रिकामी असताना शेतातून शिक्षकाचा पगार काढण्याची ही कल्पना होती. त्याच सुमारास वर्धा येथे गांधीजींच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेतून डॉ. झाकिर हुसेन समिती जन्मास आली. तिने स्पष्ट सांगितले की, एका शिक्षकाकडे ३० हून अधिक मुले देऊ नयेत. १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, युद्ध पेटले आणि विद्यामंदिरे हळूहळू मागे पडली. तरी वाचकांनी ४० आणि ३० हे दोन आकडे ध्यानात ठेवावेत. ते पुन्हा भेटणार आहेत.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या समितीने केंद्राने आपल्या महसुलाचा १० टक्के आणि राज्यांनी २० टक्के भाग शिक्षणावर खर्चावा, अशी शिफारस केली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. या आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणास मागितले, आणि तरीही कनिष्ठ प्राथमिक वर्गांत ५० पर्यंत मुले चालतील असे मान्य केले. तीसवरून पन्नासवर येणे ही पीछेहाट वाटते खरी. परंतु नाईकांसारख्या माणसाला गरीब देशाचा हिशेब पाठ होता. शिक्षकाला पोटापुरता पगार द्यायचा आणि सर्व मुलांना शाळेत आणायचे, तर वर्ग मोठे होणारच, असे ते गणित होते. गणित प्रामाणिक होते. त्याची किंमत पहिली-दुसरीच्या मुलांनी मोजली.

केंद्राचा पैसा थेट या कामासाठी मोठ्या प्रमाणावर उतरला तो १९८७ मध्ये, महाराष्ट्रात जिला आपण खडू-फळा मोहीम म्हणतो त्या योजनेद्वारे. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक (त्यांपैकी शक्यतो एक स्त्री) आणि आवश्यक साहित्य, हे तिचे सूत्र. एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक मिळणे म्हणजे शिक्षकामागची मुले एका रात्रीत निम्मी होणेच होय. पुढे १०० हून अधिक मुले असलेल्या शाळांना तिसरा शिक्षक देण्याचीही तरतूद झाली.

तेव्हा छत्तीसगढ मध्य प्रदेशात होते. १९९७ मध्ये भोपाळच्या सरकारने शिक्षण हमी योजना आणली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसलेल्या वस्तीत ४० मुले, किंवा आदिवासी भागात २५ मुले असतील आणि पालकांनी मागणी केली, तर ९० दिवसांत शिक्षक देण्याचे वचन सरकारने दिले. साठ वर्षांनंतर पुन्हा तोच ४० चा आकडा ! शाळा झपाट्याने उघडल्या. परंतु नेमलेले ‘गुरुजी’ आणि पंचायतींचे ‘शिक्षाकर्मी’ अल्प मानधनावरचे होते. एका कायम शिक्षकाच्या पगारात अनेक माणसे बसविली, म्हणून शिक्षकामागची मुले कागदावर कमी झाली. फुल्यांनी मांडलेला वेतनाचा हिशेब मात्र बाजूस पडला. छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झाले, आणि शिक्षाकर्मींना शिक्षण विभागात सामावून घेण्यास आरंभ झाला तो २०१८ च्या जुलैमध्ये.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीनुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन, ९१ ते १२० पर्यंत चार. म्हणजे एकास तीस. वर्ध्याच्या समितीचा आकडा कायद्याच्या पुस्तकात चढण्यास सत्तर वर्षांहून अधिक काळ लागला. मंजूर जागांपैकी दहा टक्क्यांहून अधिक जागा रिकाम्या राहू नयेत, हेही कायद्यात आहे.

मग प्रश्न सुटला काय ? येथे सरासरीची गंमत पाहावी. २०२५ साली छत्तीसगढ सरकारने शाळांचे ‘युक्तियुक्तकरण’ हाती घेतले, तेव्हा दिलेल्या माहितीप्रमाणे राज्यातील शासकीय प्राथमिक शाळांत एका शिक्षकामागे सरासरी २२ च्या आसपास मुले होती. आकडा कोणत्याही प्रगत देशाला शोभेल असा. पण त्याच माहितीत असेही होते की, २१२ प्राथमिक शाळांत एकही शिक्षक नव्हता आणि ६,८७२ शाळांत एकच होता. मूल सरासरीत बसत नाही. ते एका विशिष्ट खोलीत बसते. शिवाय एकशिक्षकी शाळेत पट २५ असला, तरी त्या एका माणसापुढे पाच इयत्ता असतात. पाच तासांच्या शाळेत पहिलीच्या वाट्याला जेमतेम एक तास येतो. उरलेले चार तास ती मुले पाटीवर काय गिरवीत असतील, ते ज्याचे त्याने ताडावे.

पैसा पटावर मिळतो, म्हणून पटही फुगविला जातो. महाराष्ट्रात २०११ च्या ऑक्टोबरात तीन दिवस राज्यभर पटपडताळणी करावी लागली ती याच कारणाने.

केवळ संख्या घटविल्याने काय होते, याचे दाखले जगात आहेत. अमेरिकेतील टेनेसी राज्याने १९८५ ते १९८९ या काळात विधिमंडळाच्या पैशाने बालवर्ग ते तिसरीपर्यंत प्रयोग केला. काही वर्गांत १३ ते १७ मुले ठेवली, काहींत २२ ते २५. लहान वर्गांतील मुले वाचनात व गणितात पुढे गेली, आणि गरीब घरांतील मुलांना विशेष लाभ झाला. हे पाहून कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये एकदम सर्वत्र २० ची मर्यादा आणली. पैसा ओतला, पण तेवढे प्रशिक्षित शिक्षक होते कोठे? अपुऱ्या तयारीचे शिक्षक भरले गेले, आणि ते अधिक करून गरीब वस्त्यांच्याच वाट्याला आले. आपल्याकडे मुंबई आणि वडोदरा येथे २००१ ते २००३ मध्ये ‘बालसखी’ प्रयोग झाला. तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास वस्तीतीलच एका तरुणीकडे दिली. ती मुले स्पष्टपणे सुधारली. मात्र त्यांच्या जाण्याने मूळ वर्ग लहान झाला, तरी तेथे उरलेल्या मुलांत तितकासा फरक पडला नाही, कारण तेथील शिकविणे पूर्वीसारखेच राहिले होते.

या साऱ्या इतिहासाचा मला दिसणारा निष्कर्ष असा. सरकारचा रुपया पहिलीच्या वर्गात तेव्हाच कामाला येतो, जेव्हा तीन गोष्टी एकत्र येतात : मुले मोजकी, शिक्षक सन्मानाने वेतन मिळणारा व शिकविण्यास तयार केलेला, आणि त्याचा दिवस त्या मुलांसाठी राखलेला. आपण एक मिळविताना दुसरी घालवीत आलो. १९३७ मध्ये ३० हा आकडा होता, पैसा नव्हता. १९६६ मध्ये मुलांची गर्दी होती, म्हणून ५० पत्करले. १९९७ मध्ये शिक्षक मिळाला, त्याला पुरता पगार नव्हता. आता सरासरी आहे, पण शिक्षक आणि मूल एका खोलीत गाठ पडतीलच याची हमी नाही.

आपल्या मंडळातील बहुतेकांची मुले आज खाजगी शाळांत जातात, त्यामुळे हा प्रश्न दुसऱ्यांचा आहे असे वाटण्याचा संभव आहे. तसे मानू नये. आपल्या घरी कामास येणाऱ्या बाईंचे मूल शेजारच्या सरकारी शाळेतच आहे, आणि खाजगी शाळेच्या पहिलीतही पन्नास मुले कोंबलेली असू शकतात. शाळेच्या समितीवर किंवा पालकसभेत बसण्याचा प्रसंग आला, म्हणजे इमारत, संगणक आणि वार्षिक स्नेहसंमेलन यांची चौकशी अवश्य करावी. पण त्याआधी एक साधा प्रश्न विचारावा. पहिलीच्या वर्गात आज सकाळी मुले किती होती, त्यांच्यापुढे कोण उभे होते, आणि ते माणूस दिवसभर त्यांच्यापाशीच होते काय ? उत्तर सरासरीत मिळाले, तर ते स्वीकारू नये. सप्रे-लाखे यांच्या गावात राहणाऱ्या मराठी माणसाने एवढा आग्रह धरला, तर तो या भूमीच्या अन्नाला जागला असे म्हणता येईल.