शिबपूरचा साग

कोलकात्याला गेलेला मराठी माणूस हुगळीपलीकडची शिबपूरची बाग बघतो, ती तिथल्या प्रचंड वडासाठी. वड बघावाच. पण मला त्या बागेत नसलेल्या सागाबद्दल बोलायचंय.

१७८६ साली कंपनीच्या लष्करातले रॉबर्ट किड यांनी सरकारला लिहिलं, की नुसती दुर्मिळ झाडं जमवायला नको, लोकांच्या उपयोगाची रोपं वाढवून वाटायला बाग हवी. १७७० चा दुष्काळ बंगाल विसरला नव्हता. पुढच्याच वर्षी बाग उभी राहिली. कंपनीला मात्र जहाजांसाठी साग हवा होता, म्हणून सागही लावला. जवळपास तीस-पस्तीस वर्षं खटपट चालली.

साग उगवला, वाढलाही. पण बुंधे आतून पोकळ! गंगेच्या गाळाची ती जमीन, पाणी धरून ठेवणारी. सागाला निचरा लागतो, हे चंद्रपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. शेवटी १८२० च्या सुमारास सागाच्या जमिनीचा मोठा तुकडा बिशप्स कॉलेजला देऊन टाकला. तिथे आज इंजिनिअरिंगची मुलं शिकतात.

१७९५ मध्ये वेस्ट इंडीजहून आणलेली महोगनी मात्र तिथे रुजली. म्हणजे घरचा साग फसला आणि परका पाहुणा टिकला. वाटपही जोरात होतं. वॉलिक यांच्या काळात, १८३६ ते १८४० या पाच वर्षांत पावणेदोन लाखांवर रोपं सुमारे दोन हजार बागांना गेली.

आता आपल्याकडचं बघा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाची बाब आहे. आंबा-फणसाचं लाकूडही कामाचं, पण रयतेनं ती झाडं पोटच्या पोरांसारखी वाढवलेली, त्यांना हात लावू नये; मालक राजी असेल तर पैसे देऊन घ्यावं, असं त्यात सांगितलंय. झाड कुणाचं, हा प्रश्न तिथे आधी येतो. कंपनीला तो फारसा पडला नाही.

पश्चिम बंगालला तो १९८१ नंतर पडला. जागतिक बँकेच्या मदतीनं सामाजिक वनीकरण आलं, सरकारी रोपवाटिकांतून खासगी जमिनीवर रोपं गेली. मेदिनीपूर, बांकुडा, पुरुलियाच्या मुरमाड जमिनीत लोकांनी निलगिरी उचलली. निलगिरीला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं सगळंच चूक नाही. पण ज्या जमिनीत भात धड येत नाही, तिथे सात-आठ वर्षांत हातात पैसा देणारं झाड शेतकऱ्यानं निवडलं, तर त्याला हिशेब कळत नव्हता असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्रानंही १९८२ मध्ये सामाजिक वनीकरणाचं खातं काढलं.

बंगालमध्ये २०१६ पासून 'सबुजश्री' आहे. बाळ जन्मलं, की आईवडिलांना सरकारी रोप मिळतं. ते दारी लावायचं, लेकराबरोबर वाढवायचं, आणि मूल मोठं झालं की त्याच्या शिक्षणाला किंवा लग्नाला लाकूड विकायचं. तिथल्या पहिल्या मुलांना अजून दहा-बारा वर्षंही झाली नाहीत. म्हणजे कुऱ्हाड लागायला अवकाश आहे.