रानपिंगळा आणि त्याच्या पायातली चिठ्ठी

आजचा विषय पक्ष्यांचे फोटो आणि त्यांची ओळख असा असला, तरी मी कॅमेरा कोणता घ्यावा, लेन्स किती मोठी असावी यावर बोलणार नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी एका पक्ष्याचा इतिहास सांगणार आहे. तो पक्षी आपल्याच महाराष्ट्रातला, नंदुरबार जिल्ह्यातला. त्याचं नाव रानपिंगळा.

पिंगळा आपल्याला नवा नाही. संध्याकाळी तारेवर बसून मान खालीवर करत आपल्याकडे टक लावून बघणारं ते छोटं घुबड. पहाटे दारावर येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्यालाही त्याचंच नाव मिळालं. रानपिंगळा या पिंगळ्याचा भाऊबंद. उंची साधारण तेवढीच, वीतभर. पण साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, तर रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ सपाट करडं असतं. छातीवर रुंद गडद पट्टा, पोट स्वच्छ पांढरं, पंखांवर आणि शेपटीवर जाड आडवे पट्टे, चोच आणि पाय चांगले दणकट. शिवाय हा दिवसाढवळ्या, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बसून शिकार करतो. आता वर्णन ऐकताना वाटतं, सोपं आहे की! पण या सोप्या पक्ष्याने जाणकारांना 113 वर्षं चकवलं.

सुरुवात 1872 सालची. आजच्या छत्तीसगडमध्ये, महासमुंदच्या बाजूला ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एक लहान घुबड मारलं आणि ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे गेलं. होय, तेच ह्यूम, ज्यांचं नाव आपण काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात वाचतो. हा गृहस्थ पक्ष्यांचा मोठा अभ्यासक होता. ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं नियतकालिक तो चालवायचा, आणि 1873 मध्ये त्याने या घुबडाला ब्लेविटचं नाव देऊन नवी जात म्हणून नोंदवलं.

त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे आधी मारायचा. कातडं सोलायचं, आत कापूस भरायचा, शिवायचं, आणि पायाला एक चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर तीन गोष्टी: कुठे मिळाला, कधी मिळाला, कोणी मिळवला. ही चिठ्ठी लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच आहे.

नंतर खानदेशात जेम्स डेव्हिडसन नावाचा सनदी अधिकारी होता. त्याने शहादा-तळोद्याच्या भागातून आणखी काही रानपिंगळे मिळवले. असे एकूण सात नमुने जमले. शेवटचा 1884 सालचा. त्यानंतर सगळं सामसूम.

सामसूम, पण एक अपवाद होता. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश कर्नलच्या संग्रहात आणखी एक रानपिंगळा निघाला. चिठ्ठी म्हणत होती: 1914, तापीकाठचं मांडवी, म्हणजे आजचा सुरत जिल्हा. कर्नल मोठा माणूस, पक्षीशास्त्रात दबदबा असलेला. चिठ्ठीवर शंका कोण घेणार? सगळ्यात ताजी नोंद तीच, त्यामुळे शोध घेणाऱ्यांची नजर मांडवीकडे वळली. सलीम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ली या दोघांनीही रानपिंगळा शोधला. हाती काही लागलं नाही. मधल्या काळात रानपिंगळ्याचा म्हणून छापला गेलेला फोटोही तपासणीत साध्या पिंगळ्याचा निघाला. हळूहळू लोक म्हणू लागले, हा पक्षी संपला.

याच रिप्लींच्या हाताखाली पुढे पामेला रासमुसेन नावाच्या संशोधक काम करू लागल्या. भारतीय उपखंडाच्या पक्ष्यांवर पुस्तक करायचं होतं, म्हणून त्या संग्रहालयातले नमुने एकेक करून तपासत होत्या. तपासता तपासता कर्नलसाहेबांचं पितळ उघडं पडलं. त्यांनी संग्रहालयातले जुने नमुने उचलले होते, काही पुन्हा शिवले होते, आणि आपल्या नावाची, मनाला येईल त्या गावाची चिठ्ठी बांधून दिली होती. मांडवीचा रानपिंगळाही त्यातलाच. टाके उसवून नव्याने घातलेले, पण कातडं तयार करण्याची मूळ पद्धत डेव्हिडसनची. म्हणजे पक्षी खानदेशचा, आणि चोरलेला!

बघा, इथे काय झालं. पक्षी खरा होता. त्याची ओळखही बरोबर होती, तो रानपिंगळाच होता. खोटी होती फक्त चिठ्ठी. पण त्या एका खोट्या ओळीने माणसं चुकीच्या जंगलात फिरत राहिली.

खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं उरली. 1997 च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट भारतात आले. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा पालथ्या घातल्या, तिथे काही मिळालं नाही. मग शहादा गाठलं. 25 नोव्हेंबरला सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला दिसला. अगदी भर उजेडात! या वेळी बंदूक नव्हती. व्हिडिओ घेतला, फोटो काढले, आणि तेवढ्या पुराव्यावर जगाने मान्य केलं की रानपिंगळा जिवंत आहे. 113 वर्षांपूर्वी जे काम कातड्याने केलं, ते आता फोटोने केलं.

पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासकांनी मेळघाटात रानपिंगळे शोधले. 2014 मध्ये तो मुंबईजवळ तानसा अभयारण्यात दिसला. गुजरातेत डांगच्या जंगलातूनही नोंद आली. आता कोणी म्हणेल, मग कर्नल अगदीच चूक नव्हता, दक्षिण गुजरातेत पक्षी आहेच की. नाही हो. खोटी नोंद पुढे योगायोगाने जुळली म्हणून खरी होत नाही. 2018 मध्ये या पक्ष्याचा दर्जा अतिसंकटग्रस्तवरून संकटग्रस्त असा एक पायरी सुधारला, तो अशा खऱ्या नोंदींमुळे.

आता माझी एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी तोरणमाळला गेलो होतो. सकाळी समोरच्या वठलेल्या झाडावर घुबड बसलेलं. मागून ऊन येत होतं, डोकं सपाट करडं दिसलं. मी फोटो काढला आणि घरी येईपर्यंत दहा जणांना पाठवूनही टाकला: रानपिंगळा! एका ज्येष्ठ स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, “अहो, बाकीचे फोटो बघू.” मी कार्डावरचे सगळे दाखवले. सातव्या-आठव्या फोटोत पक्ष्याने मान वळवली होती, आणि डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट! साधा पिंगळा. मी तो फोटो आधीच ‘चांगला नाही’ म्हणून पुसणार होतो.

त्यांनी मला रागावलं नाही. फक्त म्हणाले, “दहा जणांना पाठवलंत ना, आता दहा जणांना कळवा.” कळवलं. पण तोवर त्यातल्या दोघांनी तो पुढे पाठवला होता. तो कुठवर गेला असेल, देव जाणे.

म्हणून सांगतो. आज आपल्या प्रत्येकाच्या हातात एक संग्रहालय आहे. फोटो हे आपलं कातडं, आणि तारीख-ठिकाण ही त्याच्या पायातली चिठ्ठी. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे का, बघा. एकच सुंदर फोटो ठेवू नका, पाठ, शेपूट, डोकं दाखवणारे ओबडधोबड फोटोही ठेवा. ओळख पटत नसेल तर ‘पिंगळा, जात नक्की नाही’ असं लिहा, त्यात कमीपणा काही नाही. आणि घरट्याची नेमकी जागा मात्र चारचौघांत मांडू नका. ती अभ्यासकांना आणि वनखात्याला सांगा. झाडाच्या ढोलीपुढे वीस माणसं उभी राहिली, तर पिल्लांना चारा मिळणं बंद होतं. खरी नोंद ठेवायची, म्हणजे ती जगभर ओरडून सांगायची असं नाही.

सातपुड्यातला रानपिंगळा त्या 113 वर्षांत कुठेही गेला नव्हता. त्याच सागाच्या रानात तो रोज सकाळी उन्हाला बसत होता. तिथल्या माणसांना तो दिसतही असेल. हरवला होता तो फक्त आपल्या कागदावर. तो पुन्हा हरवू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.